वार्षिक कार्यमूल्यमापन आणि अर्जुनाचे शेवटचे उत्तर

श्रीमद्भगवद्गीतेचा नित्य पाठ करणाऱ्या भाविकांचे लक्ष अठराव्या अध्यायाच्या अखेरीस असलेल्या एका प्रसंगाकडे सहसा जात नाही. उपदेश पूर्ण झाला आहे, ज्ञान, कर्म आणि भक्ती यांचे सर्व रहस्य उलगडून सांगून झाले आहे, अर्जुनाला विचारपूर्वक निर्णय घेण्याचे स्वातंत्र्यही भगवंतांनी देऊन टाकले आहे. आणि मग बहात्तराव्या श्लोकात स्वतः भगवान त्याला दोन प्रश्न विचारतात. हे सर्व तू चित्त एकाग्र करून ऐकलेस ना? अज्ञानामुळे जडलेला तुझा मोह गेला ना? सर्वज्ञ परमात्म्याला उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. तरीही त्यांनी विचारले. कारण ज्याने श्रम केले त्याने आपल्या श्रमाचे काय झाले हे स्वतःच्या मुखाने सांगावे, यात त्याचेच कल्याण असते.

आज या प्रसंगाचे स्मरण करण्याचे कारण असे, की आपल्या वाचकांपैकी बहुसंख्य गृहस्थ नोकरी करून संसार चालवितात, आणि त्या सर्वांना वर्षातून एकदा अशाच प्रश्नांपुढे उभे राहावे लागते. मार्चअखेर आली, की सरकारी कचेरीत, बँकेत, कारखान्यात, शाळा-महाविद्यालयात आणि संगणकाच्या कंपनीत वार्षिक कार्यमूल्यमापनाची चर्चा सुरू होते. जुने लोक याला गोपनीय अहवाल किंवा नुसते 'सी. आर.' म्हणत; नवी पिढी 'अप्रेझल' म्हणते. केंद्र सरकारच्या सेवेत कर्मचाऱ्याने प्रथम आपल्या कामाचे स्वयंमूल्यमापन लिहावयाचे असते. त्यावर प्रतिवेदन अधिकारी आपले मत लिहितो आणि पुनर्विलोकन अधिकारी ते तपासतो. शेवटी दहापैकी गुण दिले जातात. आठ आणि त्याहून अधिक गुण मिळाले तर काम 'उत्कृष्ट', सहा ते आठपर्यंत 'अत्युत्तम', चार ते सहापर्यंत 'चांगले' असे मानतात. खासगी संस्थांची रीत थोडीफार निराळी असली, तरी मूळ स्वरूप तेच.

हा केवळ एक कागद असता, तर त्याविषयी धर्मविचार करण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु त्या कागदामागे एक संसार उभा असतो. वेतनवाढ झाली नाही तर घराच्या कर्जाचा हप्ता कसा भरावा, मुलीच्या शिक्षणाचा खर्च कोठून काढावा, वृद्ध आईच्या औषधांचे काय करावे, ही चिंता त्या गृहस्थाला रात्री झोपू देत नाही. पुष्कळ सज्जन माणसे, जी एरवी कोणाच्या पैशाला हात लावणार नाहीत, ती या आठ-पंधरा दिवसांत थोडेसे असत्य लिहितात, थोडीशी खुशामत करतात, दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालतात. आणि काही तितकीच सज्जन माणसे भयाने इतकी खचून जातात, की वर्षभर केलेले प्रामाणिक कामही त्यांना धडपणे सांगता येत नाही. म्हणजे वर्षभराची साधना या एका पंधरवड्यात पणाला लागते. म्हणून या तयारीविषयी गीता काय शिकविते, ते पाहणे अगत्याचे आहे.

येथे कोणी शंका घेईल, की गीतेने तर फलाशा सोडावयास सांगितली आहे. मग वेतनवाढीसाठी आणि बढतीसाठी अहवाल लिहीत बसणे हे निष्काम कर्मयोगाच्या विरुद्ध नाही काय? खऱ्या साधकाने कागद कोरा ठेवून साहेबांची जी इच्छा असेल ते लिहू द्यावे, हेच योग्य नव्हे काय?

या शंकेचे समाधान असे, की दुसऱ्या अध्यायाच्या सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा पूर्वार्ध आपण नेहमी आठवतो, परंतु त्याच श्लोकाच्या शेवटी कर्म न करण्याची आवडही तुला जडू नये असे भगवंतांनी बजाविले आहे, ते विसरतो. अहवाल लिहिणे हे कर्म आहे. त्यावर मिळणारे गुण हे फल आहे. कर्मावर आपला अधिकार असल्यामुळे अहवाल नीट लिहिणे हे आपले कर्तव्य ठरते. नेमून दिलेल्या कामांपैकीच तेही एक काम होय. ते आळसाने टाकणे आणि त्या आळसाला वैराग्य असे नाव देणे, हा भ्रम आहे. शिवाय त्या अहवालावर संस्थेचेही हित अवलंबून असते. कोणते काम कोणी कसे केले, कोठे साधने अपुरी पडली, पुढल्या वर्षी कोणाला काय शिकवावे लागेल, हे वरिष्ठांना याच कागदावरून कळते. हातचे काम जाणणाऱ्यानेच मौन धरले, तर निर्णय घेणारे अंधारात राहतात.

आता हे लिहावे कसे? या बाबतीत गीतेत चार निरनिराळी उदाहरणे आढळतात. त्यांपैकी तीन टाळण्यासाठी आहेत आणि एक आचरणात आणण्यासाठी.

पहिले उदाहरण दुर्योधनाचे. पहिल्या अध्यायात तो आचार्य द्रोणांजवळ जातो आणि दोन्ही सैन्यांचा आढावा घेतो. वरवर पाहता तो आपल्या पक्षाचे सामर्थ्य सांगत आहे. पण बोलण्याच्या आरंभीच, शत्रूसैन्याची रचना करणारा धृष्टद्युम्न तुमचाच शिष्य आहे, असा टोमणा तो गुरूंना मारतो. पुढे आपल्या बाजूच्या वीरांची नावे घेताना, हे सर्व माझ्यासाठी प्राण द्यावयास सिद्ध झाले आहेत, असे म्हणतो. भीष्म-द्रोणांसारखे महापुरुष त्याच्या दृष्टीने केवळ त्याच्या कामी येणारी माणसे आहेत. मनात भय असले, की माणूस असाच आढावा देतो. मोठमोठी नावे घेतो, दुसऱ्याचे दोष सूचित करतो, आणि सर्वांच्या मध्यभागी स्वतःला बसवितो.

दुसरे उदाहरण त्याच अध्यायातील अर्जुनाचे. एवढा पराक्रमी वीर, पण कसोटीच्या क्षणी त्याला आपले सर्व पूर्वकर्म विसरते. हातातील गांडीव गळते, अंगाला कंप सुटतो, आपल्या हातून काहीच होणार नाही असे त्याला वाटते, आणि या दुर्बलतेला तो दयेचे आणि धर्माचे शब्द देतो. भगवंतांनी त्याला नम्रता मानले नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीच त्यांनी त्याला हृदयाची क्षुद्र दुर्बलता म्हटले आणि ती टाकून उठावयास सांगितले. जो कर्मचारी आपल्या खऱ्या कामालाही 'मी विशेष असे काय केले' म्हणून झाकून ठेवतो, त्याने या प्रसंगावर मनन करावे. जे घडले ते न सांगणे हेही सत्यापासून ढळणेच आहे.

तिसरे उदाहरण सोळाव्या अध्यायातील आसुरी प्रवृत्तीच्या मनुष्याचे. तेरा ते पंधरा या श्लोकांत त्याचे मनोगत आले आहे. आज हे मी मिळविले, उद्या ते मिळवीन. या शत्रूचा मी निकाल लावला, इतरांचाही लावीन. माझ्यासारखा दुसरा आहे कोण? हे श्लोक वाचून झाल्यावर आपण लिहिलेला अहवाल एकदा वाचून पाहावा. त्यातील किती वाक्यांचा सूर या मनोगताशी जुळतो, ते आपले आपल्यालाच कळेल.

चौथे उदाहरण पुन्हा अर्जुनाचेच, पण आता तो बदललेला आहे. भगवंतांनी विचारलेल्या त्या दोन प्रश्नांना त्याने अठराव्या अध्यायाच्या त्र्याहत्तराव्या श्लोकात जे उत्तर दिले, ते अवघ्या एका श्लोकाचे आहे. त्या उत्तराची पाच अंगे आहेत. पहिले, माझा मोह नाहीसा झाला, असे तो सांगतो. म्हणजे आपल्यात दोष होता हे मान्य करून तो गेला असे स्पष्ट म्हणतो. दुसरे, मला स्मृती परत मिळाली. म्हणजे काय लाभले तेही सांगतो. तिसरे, हे तुझ्या कृपेने झाले. म्हणजे श्रेय ज्याचे त्याला देतो. चौथे, मी आता संशयरहित होऊन स्थिर उभा आहे. म्हणजे आपली आजची स्थिती सांगतो. आणि पाचवे, तुझ्या सांगण्याप्रमाणे मी करीन. म्हणजे पुढील कर्तव्याचा संकल्प करतो.

वाचकहो, कार्यमूल्यमापनाच्या कोणत्याही उत्तम अहवालात याहून अधिक काय असावे लागते? उणीव, उपलब्धी, श्रेय, सद्यःस्थिती आणि संकल्प ही पाचही अंगे यात आली. यात गुणांची मागणी नाही, स्वतःची निंदा नाही, इतर कोणाशी तुलना नाही. सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना अठराव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात 'अनहंवादी' असे विशेषण आले आहे. त्याचा अर्थ 'मी' हा शब्द कधीही उच्चारू नये असा नव्हे. अर्जुनाच्या या उत्तरातही 'मी' आहेच. परंतु तो 'मी' कर्तव्याला उभा राहिलेला आहे, मिरवावयास निघालेला नाही.

तिसऱ्या अंगाचा, म्हणजे श्रेयाचा, थोडा अधिक विचार करणे आवश्यक आहे. कारण नोकरीत सर्वांत अधिक अधर्म येथेच घडतो. त्याच अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंतांनी प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि सोळाव्या श्लोकात, असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची बुद्धी संस्काररहित असल्यामुळे त्याला खरे दिसत नाही, असा निर्वाळा दिला आहे. आचार्यांनी या श्लोकांचा अर्थ आत्म्याच्या अकर्तेपणापर्यंत नेला आहे आणि मुमुक्षूने तो तसाच समजून घ्यावा. परंतु जो अजून त्या पायरीवर पोचलेला नाही, अशा गृहस्थालाही या पाच कारणांचा रोजच्या व्यवहारात मोठा उपयोग आहे.

समजा, माळव्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत एक गृहस्थ कर्जविभाग सांभाळतात. या वर्षी थकलेल्या कर्जांची वसुली चांगली झाली. अहवालात त्यांना लिहावयाचे आहे, की ही वसुली कशी झाली. आता पाच कारणे लावून पाहावी. ती शाखा आणि तिचा अनेक वर्षांचा लौकिक हे अधिष्ठान झाले. स्वतः ते गृहस्थ कर्ता. त्यांनी योजना आखली, कागदपत्रे नीट लाविली, कर्जदारांशी सौजन्याने बोलणी केली. नोंदवह्या, संगणक, दूरध्वनी ही करणे झाली. परंतु उन्हातान्हात गावोगाव फिरून शेतकऱ्यांच्या दारी जाण्याची चेष्टा त्यांच्या हाताखालच्या एका तरुण कारकुनाने केली. आणि त्या वर्षी पाऊस वेळेवर पडून सोयाबीनचे पीक चांगले आले, हे पाचवे दैव.

आता त्या गृहस्थांनी 'मी वसुली केली' एवढेच लिहिले, तर कदाचित कोणी त्यांना खोटे म्हणणार नाही; कारण त्या विभागाचे प्रमुख तेच आहेत. परंतु त्या कारकुनाच्या घरीही एक संसार आहे, त्याचीही वेतनवाढ याच महिन्यात ठरावयाची आहे, आणि त्याच्या श्रमाची साक्ष देऊ शकणारा मनुष्य या जगात बहुधा हा एकच आहे. त्याने मौन धरले, तर ती साक्ष कायमची बुडाली. देवांनी दिलेले त्यांचे त्यांना अर्पण न करता जो एकटाच उपभोगतो, तो चोरच होय, असे तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या श्लोकात सांगितले आहे. सहकाऱ्याच्या श्रमाचे श्रेय एकट्याने उपभोगणाऱ्याला याहून निराळे नाव कसे देता येईल? म्हणून त्या गृहस्थांनी लिहावे, की वसुलीची आखणी मी केली, प्रत्यक्ष गावोगाव जाण्याचे काम अमुक सहकाऱ्याने केले, आणि हंगाम अनुकूल होता. असे लिहिल्याने आपले गुण कमी होतील अशी भीती वाटेल. कदाचित एखादा गुण कमी होईलही. परंतु तो कमी झालेला गुण हाच त्या वर्षीचा त्यांचा यज्ञ होय.

हीच पाच कारणे अपयशाच्या वर्षीही लावावी. पाऊस पडला नाही, पीक बुडाले, वसुली झाली नाही. अशा वेळी सर्व दोष स्वतःकडे घेऊन खचून जाणे जसे अज्ञान, तसेच सर्व काही पावसावर ढकलणे हेही अज्ञान. दैव पाचवे सांगितले आहे. पहिली चार कारणे तपासल्यावाचून त्याचे नाव घेऊ नये. नोटिसा पाठविण्यास आपल्याकडून दोन महिने विलंब झाला असेल, तर ते आपल्या हाताने लिहावे, आणि पुढील वर्षी तो कसा टाळणार तेही लिहावे. स्वतःची चूक वरिष्ठाने शोधून काढण्यापूर्वी स्वतःच सांगण्याने मनुष्याची पत वाढते, असा व्यवहारातीलही अनुभव आहे. परंतु पत वाढावी म्हणून नव्हे, तर ते सत्य आहे म्हणून सांगावे.

लिहून झाल्यावर तो मजकूर एका कसोटीला लावावा. सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाणीचे तप सांगितले आहे. जे बोलणे कोणाला उद्वेग देत नाही, जे सत्य आहे, प्रिय आहे आणि हितकारक आहे, ते वाङ्मय तप होय. या चार कसोट्या क्रमाने लावाव्या. यात सहकाऱ्याला वर्मी लागेल असे काही आहे काय? यातील प्रत्येक आकडा आणि प्रत्येक दिनांक कागदपत्रांशी ताडून पाहिला आहे काय? भाषा सौम्य आहे, की तक्रारीची? आणि हे वाचून संस्थेचे, वरिष्ठांचे किंवा कनिष्ठांचे काही हित होईल काय? चारांपैकी एका कसोटीलाही जे वाक्य उतरत नाही, ते बदलावे किंवा काढून टाकावे. या भावनेने लिहिलेला अहवाल हे त्या दिवशीचे तपच समजावे.

या सर्वांची तयारी मार्च महिन्यात सुरू करून भागत नाही. अठराव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या श्लोकात तामस कर्त्याच्या लक्षणांत दीर्घसूत्रीपणा आणि विषाद हे दोन्ही दोष एकत्र सांगितले आहेत, आणि ते योग्यच आहे. कारण जो आजचे काम उद्यावर ढकलतो तोच शेवटच्या रात्री कागद पुढे घेऊन विषण्ण होतो. म्हणून नोकरी करणाऱ्या साधकांसाठी काही साधे नियम सुचवितो.

१. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. त्याच दिवशी एक छोटी वही करावी आणि वर्षभराची आपली नेमून दिलेली कामे पहिल्या पानावर लिहून काढावी. ज्याला आपले नियत कर्म कोणते हेच ठाऊक नाही, तो त्याचा हिशेब कसा देणार?

२. दर शनिवारी दहा मिनिटे काढून आठवड्यात काय झाले, काय राहिले, आणि कोणाचे साहाय्य झाले, हे त्या वहीत नोंदवावे. साहाय्य करणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. वर्षअखेरीस स्मृती स्वतःच्याच बाजूने साक्ष देते.

३. कामात उणीव दिसली, तर वरिष्ठांच्या कानावर ती त्याच वेळी घालावी. वर्षभर झाकून ठेवलेली गोष्ट मार्चमध्ये उघडी पडली, म्हणजे तिचे ओझे दसपट वाटते.

४. अहवाल अंतिम तारखेच्या निदान आठ दिवस आधी लिहून ठेवावा. दोन दिवस तो तसाच राहू द्यावा, आणि मग प्रातःकाळी, स्नान-पूजा झाल्यावर, शांत चित्ताने पुन्हा वाचावा.

५. वरिष्ठांशी प्रत्यक्ष बोलणे व्हावयाचे असेल, त्या दिवशी घरातून निघण्यापूर्वी अर्जुनाच्या त्या शेवटच्या उत्तराचे अर्थासह स्मरण करावे, आणि आजचे बोलणे हेही तुलाच अर्पण आहे, अशी भगवंतांना प्रार्थना करावी. जे जे करशील ते मला अर्पण कर, असे नवव्या अध्यायात त्यांनीच सांगितले आहे; त्यातून कचेरीतील काम वगळलेले नाही.

त्या बैठकीत आपले बोलणे थोडे आणि ऐकणे अधिक असावे. वरिष्ठ दोष सांगू लागले, की मन तत्काळ उत्तर जुळवू लागते आणि मग कान बंद होतात. म्हणून प्रथम पूर्ण ऐकावे, नंतर नम्रपणे विचारावे, की माझ्याकडून नेमके काय राहिले आणि आपण काय अपेक्षिता? चौथ्या अध्यायात ज्ञान मिळविण्यासाठी प्रणिपाताबरोबर परिप्रश्नही सांगितला आहे. प्रत्येक वरिष्ठ ज्ञानी असतोच असे नव्हे. परंतु आपल्याला न दिसणारा आपला दोष दाखविणारा मनुष्य, तो कोणीही असो, त्या विषयापुरता आपला शिक्षक असतो. स्तुती झाली तर तीही तितक्याच शांतपणे ऐकावी. निंदा आणि स्तुती समान मानणारा भक्त मला प्रिय आहे, असे बाराव्या अध्यायात भगवान म्हणतात. आणि अनुभव असा आहे, की निंदेपेक्षा स्तुतीच्या वेळी ही समता राखणे अधिक कठीण जाते.

आता सर्वांत कठीण प्रसंग. सत्य लिहिले, काम प्रामाणिकपणे केले, आणि तरीही शेरा अन्यायाचा आला, तर काय करावे? निष्काम कर्माचा अर्थ अन्याय मुकाट्याने गिळणे असा करू नये. ज्या उपदेशाचा आरंभ कुरुक्षेत्रावर झाला, तो पळ काढण्याची शिकवण कशी देईल? सीमा रस्ते संघटनेतील एका कार्यकारी अभियंत्याला एका वर्षी नुसता 'चांगला' असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी 'अत्युत्तम' शेऱ्याची अट होती, आणि हा शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळविण्यातच आला नव्हता. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2008 साली, ते निवृत्त झाल्यानंतर, न्यायालयाने असा निर्णय दिला, की शेरा चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे. पुढे मे 2009 मध्ये केंद्र सरकारने पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखविण्याची आणि त्यावर पंधरा दिवसांत निवेदन देण्याची तरतूद केली. आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने तेच तत्त्व कायम केले. एका मनुष्याने धैर्याने केलेल्या मागणीमुळे असंख्य कर्मचाऱ्यांसाठी बंद असलेले दार उघडले. हे कर्मही लोकसंग्रहाचेच म्हटले पाहिजे.

म्हणून अन्याय झाला असे विचारान्ती ठरले, तर मुदतीच्या आत, पुराव्यासह आणि कटुता न आणता निवेदन द्यावे. येथेही वाणीच्या तपाच्या चारही कसोट्या लावाव्या. ते दिल्यावर मात्र मन मोकळे करून कामाला लागावे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910–11 च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले. 1914 साली त्यांची सुटका झाली तेव्हा हस्तलिखित सरकारच्या ताब्यात होते आणि ते काही काळाने परत मिळाले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो 1915 साली. इतक्या श्रमाने लिहिलेले पुस्तक परक्यांच्या हाती अडकले असतानाही त्यांचे सार्वजनिक कार्य थांबले नाही. ज्याच्या हाती आपले फळ असते, त्याच्या हाती आपली शांती देऊ नये, हा धडा त्यांच्या चरित्रातून घ्यावा.

जे वाचक स्वतः इतरांचे अहवाल लिहितात, त्यांना दोन शब्द सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. आपल्या हातातील लेखणीने एखाद्या कुटुंबाच्या पुढील वर्षाचे सुखदुःख ठरते, हे स्मरणात ठेवावे. आपल्या गावचा, आपल्या भाषेचा, आपल्याला नमस्कार करणारा, म्हणून अधिक. आणि स्पष्ट बोलणारा म्हणून कमी, असे गुण देणे म्हणजे राग-द्वेषांच्या अधीन होणे होय. पाचव्या अध्यायात पंडिताचे लक्षण समदृष्टी असे सांगितले आहे. ही समदृष्टी म्हणजे सर्वांना सारखेच गुण देणे नव्हे. सर्वांना एकाच मापाने मोजणे होय. वर्षभर ज्याला एकदाही सूचना दिली नाही, त्याचा दोष प्रथमच अहवालात लिहिणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शेरा लिहिण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून, हाच शेरा माझ्या मुलाच्या अहवालात वाचावा लागला तर मला तो न्याय्य वाटेल काय, असे स्वतःला विचारावे.

आणि शेवटी, त्या दिवशी संध्याकाळी घरी परत येणाऱ्या गृहस्थाविषयी. गुण कळले आहेत. ते मनासारखे असतील किंवा नसतील. दारात पत्नी आणि मुले वाट पाहत असतात. त्यांनीही या चिंतेत गेले कित्येक दिवस काढले आहेत. कचेरीत साहेबांपुढे धरून ठेवलेला क्रोध त्यांच्यावर निघाला, तर दिवसभराची समता व्यर्थ गेली असे समजावे. आणि यश मिळाले असेल, तर ज्या सहकाऱ्याला कमी मिळाले त्याच्या घरची संध्याकाळही आठवावी. त्या दिवशी घरात जे सांगावयाचे ते थोडक्यात सांगावे, देवापुढे दिवा लावावा आणि सर्वांनी मिळून गीतेचा एक अध्याय वाचावा.

कारण या मूल्यमापनाच्या वर आणखी एक मूल्यमापन आहे, आणि तेथे गुण देणारा आपल्या हृदयातच बसलेला आहे. तो आपल्याला पद विचारीत नाही, वेतनही विचारीत नाही. अर्जुनाला विचारले तेच दोन प्रश्न तो रोज रात्री आपल्यालाही विचारतो. तू ऐकलेस ना? तुझा मोह गेला ना? जो गृहस्थ या प्रश्नांना रोज सरळ उत्तर द्यावयास शिकला, त्याला मार्चअखेरीच्या प्रश्नांचे भय उरत नाही.

हे योगेश्वरा, आमच्या हातून नेमून दिलेले काम मनापासून घडो. त्याचा हिशेब देताना आमच्या लेखणीतून असत्य न उतरो, दुसऱ्याचे श्रेय आमच्या पदरी न पडो, आणि मिळेल त्या फळाने आमचे चित्त न डळमळो, एवढेच दान आम्हाला दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥